गडाचे दरवाजे आणि संगणकाची कुलुपे

(संगणकीय गुन्ह्यांपासून संरक्षण : पोलीस आणि उद्योगजगत यांच्या सहकार्याविषयीच्या व्याख्यानाचे शब्दांकन)



११ ऑगस्ट २०१८. महिन्याचा दुसरा शनिवार. बँकांना सुट्टी होती. श्रावण तोंडावर आला होता, चार दिवसांवर स्वातंत्र्यदिन होता आणि पुणे शहर आपल्या नेहमीच्या शनिवारच्या संथ लयीत होते. त्याच दिवशी काही तासांच्या अवधीत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ७८ कोटी रुपये जगातील २८ देशांमधल्या एटीएम यंत्रांतून काढून नेण्यात आले. व्यवहारांची संख्या बारा हजारांच्या घरात होती. भारतातच आणखी सुमारे २,८०० व्यवहारांद्वारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणा असलेल्या ‘स्विफ्ट’च्या मार्गाने १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये! तिजोरीला कोणी पहार लावली नाही, रखवालदारावर कोणी हात उगारला नाही, एक काचही फुटली नाही.

ही बँक काल-परवाची नव्हे. १९०६ साली, स्वदेशी चळवळीच्या भरात स्थापन झालेली आणि शतक पार केलेली ही संस्था. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीयांच्या निवृत्तिवेतनाचा, मुलींच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या ठेवींचा आणि छोट्या कारखानदारांच्या खेळत्या भांडवलाचा सांभाळ अशाच सहकारी बँका करीत आल्या आहेत. म्हणून हा घाव एका बँकेवर पडला, असे म्हणून भागणार नाही. सहकारावरील विश्वास ही महाराष्ट्राने तीन-चार पिढ्यांच्या श्रमाने उभी केलेली पुंजी आहे. घाव त्या पुंजीवर होता.

चोरी झाली कशी?

ही चोरी समजून घेतल्याशिवाय संरक्षणाचा विचार करता येत नाही. एटीएममध्ये आपण कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही. ते बँकेच्या एका मध्यस्थ संगणकाला विचारते. त्याला ‘स्विच’ म्हणतात. हा स्विच बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीकडे चौकशी करतो : कार्ड खरे आहे काय, सांकेतिक क्रमांक बरोबर आहे काय, खात्यात शिल्लक आहे काय? तिकडून होकार आला, तरच नोटा बाहेर पडतात. कॉसमॉस प्रकरणात हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात घातक संगणकप्रणाली घुसवून खऱ्या स्विचशेजारी एक खोटा स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला काहीच विचारीत नसे. आलेल्या प्रत्येक मागणीला ‘हो, द्या पैसे’ एवढेच उत्तर देई. म्हणूनच ग्राहकांच्या खात्यांतून एक पैसाही वजा झाला नाही. तोटा बँकेचा झाला.

गडाच्या भाषेत सांगायचे, तर दिंडीदरवाजावरचा पहारेकरी बदलून त्याच वेषातला शत्रूचा माणूस उभा करण्यात आला. किल्लेदार आत निर्धास्त होता आणि दरवाजातून येणाऱ्या-जाणाऱ्याला मुभा मिळत होती.

या कृत्यामागे कोण होते? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने उत्तर कोरियावरील निर्बंधांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०१९ च्या अहवालात या घटनेचा उल्लेख करून ती उत्तर कोरियाशी जोडली. अण्वस्त्रांच्या हव्यासापायी निर्बंधांत अडकलेली एक राजवट परकीय चलनासाठी इतर देशांच्या बँका लुटते, असे त्या अहवालाचे सांगणे आहे. तत्पूर्वी फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेतून याच ‘स्विफ्ट’ मार्गाने १० कोटी १० लाख डॉलर बाहेर गेले होते. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचले आणि तेथील जुगारगृहांच्या व्यवहारांत बरेचसे दिसेनासे झाले. तेथेही सुट्टीचाच मुहूर्त साधलेला होता. ढाक्यात शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी, तर मनिलात चिनी नववर्षाची. शत्रू आपले पंचांग आपल्यापेक्षा बारकाईने वाचतो, हा यातला पहिला धडा.

इशारा आणि तो पोहोचणे

दुसरा धडा अधिक बोचरा आहे. कॉसमॉसवरील हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्ट रोजी, अमेरिकेच्या ‘एफबीआय’ने बँकांना एक गोपनीय इशारा पाठविला होता. बनावट कार्डांच्या साहाय्याने जगभरातील एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा बेत शिजत असल्याचा तो इशारा होता. १२ ऑगस्टला त्याचे वृत्त प्रकाशित झाले, तेव्हा पुण्यातील पहिला घाला पडून गेला होता. माहिती जगात होती. ती वेळेवर, योग्य माणसाच्या टेबलावर आणि त्याला समजेल अशा भाषेत पोहोचविणारी वाट मात्र सर्वत्र तयार नव्हती.

शिवछत्रपतींच्या राज्यकारभारात बहिर्जी नाईकांच्या हेरखात्याचे महत्त्व शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु हेराने आणलेली बातमी गडावर वेळेत पोहोचली नाही, तर हेराच्या पराक्रमाला काय अर्थ उरतो? आजच्या काळात हल्ल्याची पहिली चाहूल पोलिसांना लागत नाही. ती बँकेच्या, दूरध्वनी कंपनीच्या अथवा एखाद्या कारखान्याच्या संगणक विभागातील तरुणाला लागते. उलट गुन्हेगाराची साखळी, त्याची पूर्वीची कृत्ये आणि इतर जिल्ह्यांतील तक्रारी यांची माहिती पोलिसांकडे असते. अर्धे चित्र एकाकडे आणि अर्धे दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती आहे. दोन्ही अर्धे एकत्र आणण्याची जागा म्हणजेच सहकार्य; बाकी सारे सत्कार-समारंभ होत.

लपविण्याचा मोह

मग हे एकत्र येणे घडत का नाही? उद्योजकाच्या मनात तीन भये असतात. पहिले भय लौकिकाचे. ‘आमच्याकडे चोरी झाली’ हे कळले, तर ठेवीदार रांगा लावतील, ग्राहक तुटतील, भागधारक जाब विचारतील. दुसरे भय पोलीस ठाण्याच्या पायरीचे : तक्रार दिली, तर चौकशीचे हेलपाटे आपल्यालाच पडतील. तिसरे भय जप्तीचे. मुद्देमाल म्हणून संगणक उचलून नेले, तर उद्या दुकान चालवायचे कशावर?

ही भये खोटी नाहीत. त्यांची टिंगल करून उपयोग नाही. परंतु झाकून ठेवलेल्या चोरीचा खरा लाभ चोरालाच होतो. एका पतसंस्थेने गप्प राहून गिळलेला घाव तोच चोर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यातील पतसंस्थेवर घालतो. आता तर गप्प राहण्याला कायद्यानेही वाव ठेवलेला नाही. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार नमूद प्रकारच्या संगणकीय घटनेची खबर ती लक्षात आल्यापासून सहा तासांत देणे आणि संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे संस्थांना बंधनकारक झाले आहे.

जप्तीच्या भयावरही उपाय आहे. तपासासाठी दरवेळी यंत्रच उचलून न्यावे लागते, असे नाही. साठवणुकीची हुबेहूब प्रतिकृती काढता येते आणि तिच्यावर ‘हॅश’ नावाचा गणिती ठसा घेता येतो. मूळ माहितीत एका अक्षराचा फेरफार झाला, तरी हा ठसा बदलतो. माणसाच्या बोटाच्या ठशासारखाच तो साक्ष देतो. हे कौशल्य पोलिसांनी आत्मसात करावे आणि आपली माहिती कोठे, कोणत्या यंत्रात आहे याची यादी व्यापाऱ्याने तयार ठेवावी. मग दुकानही चालते आणि पुरावाही टिकतो.

पुण्यातलेच दुसरे उदाहरण

बरोबर घडलेले काय असते, हेही पुण्यातच पाहावयास मिळाले आहे. २००५ साली एका अमेरिकी बँकेच्या ग्राहकांना दूरध्वनीवरून सेवा देणाऱ्या पुण्यातील कंपनीच्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी, बोलण्यात गुंतवून, ग्राहकांचे सांकेतिक क्रमांक मिळविले. सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील बनावट नावांच्या खात्यांत वळविण्यात आले. कोणतेही कुलूप फोडले गेले नव्हते. फोडला गेला तो विश्वास. मात्र ग्राहकांना संशय येताच बँकेने पैशाचा माग काढला, पुणे पोलिसांशी संपर्क साधला आणि एप्रिल २००५ मध्ये आरोपी पकडले गेले. त्या काळी सायबर तपासाची साधने आजच्या मानाने तुटपुंजी होती. तरीही यश आले, कारण खबर लपविली गेली नाही आणि ती वेळेवर दिली गेली.

कॉसमॉस प्रकरणातही बँकेने पोलिसांकडे धाव घेतली. पुणे पोलिसांनी विशेष तपास पथक नेमले. कोल्हापूरसह अनेक शहरांतील एटीएमच्या कॅमेऱ्यांतील चित्रणे धुंडाळून, बनावट कार्डे घेऊन यंत्रासमोर उभे राहिलेले चेहरे शोधण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. हाँगकाँगला गेलेल्या रकमेपैकी काही कोटी रुपयेही पाठपुराव्याने परत मिळाले. पैशांची अशी वाट लावून देणाऱ्या एका कॅनेडियन-अमेरिकी नागरिकाला अमेरिकेतील न्यायालयाने २०२१ मध्ये ११ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा सुनावली. २०१८ मधील एका भारतीय बँकेच्या एटीएम लुटीचाही त्याच्या खटल्यात उल्लेख होता.

हे यश मोलाचे आहे. पण आत्मसंतुष्ट होण्यासारखे नाही. पुण्यात शिक्षा झाली, ती प्यादी होती. डाव मांडणारे सीमेपलीकडे सुरक्षित बसून राहिले आणि बहुतांश रक्कम परत आली नाही. म्हणूनच गुन्हा घडल्यानंतरच्या तपासापेक्षा गुन्हा घडतानाच हात पकडणे अधिक महत्त्वाचे ठरते.

पहिला तास

देशाची यंत्रणा या दिशेने वळली आहे. ३० ऑगस्ट २०१९ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने ऑनलाइन तक्रारींसाठी राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. जानेवारी २०२० मध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राचे उद्घाटन झाले. आज ‘१९३०’ या क्रमांकावर फसवणुकीची खबर देता येते. या व्यवस्थेचे मर्म असे की, तक्रार नोंदताच ती पीडिताच्या बँकेला दिसते. पैसा पुढच्या बँकेत गेला असेल, तर तिला दिसते. आणि ज्या टप्प्यावर तो सापडेल तेथे तो रोखून धरता येतो. चोरही थांबत नाही. तो एका खात्यातून दहा, दहातून शंभर खात्यांत पैसा पांगवितो. म्हणून पहिल्या तासात दिलेली खबर आणि तिसऱ्या दिवशी दिलेली खबर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

१० सप्टेंबर २०२४ रोजी दिल्लीत ‘सायबर फ्रॉड मिटिगेशन सेंटर’ सुरू झाले. बँका, पैसे हस्तांतरित करणाऱ्या कंपन्या, दूरसंचार कंपन्या आणि पोलीस यांचे प्रतिनिधी तेथे एकाच छताखाली बसतात. पत्रव्यवहार, स्मरणपत्र, पुन्हा पत्रव्यवहार हा सरकारी खाक्या येथे बाजूला ठेवला गेला आहे. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी संगणकीय फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. याच माहितीनुसार ‘१९३०’शी जोडलेल्या व्यवस्थेने आरंभापासून २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे ५,४८९ कोटी रुपये वाचविले. वाचलेला पैसा सहकार्याचे फळ आहे. गेलेला पैसा, सहकार्य अजून किती वाढवावयास हवे याची मोजपट्टी आहे.

स्थानिक पातळीवरही नमुने आहेत. हैदराबादच्या सायबराबाद परिसरात पोलीस आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांनी २००६ मध्ये मिळून सुरक्षा परिषद ही ना-नफा संस्था स्थापन केली. इचलकरंजीचे यंत्रमाग, नाशिक-चाकणचे कारखाने, लातूर-अकोल्याच्या बाजारपेठा यांनी असा विचार का करू नये? जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या हल्ल्याने मर्स्क या जागतिक जहाजकंपनीला ग्रासले, तेव्हा न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या धक्क्याचे कामकाज ठप्प झाले होते. हल्ला युक्रेनच्या दिशेने सोडलेला होता; कंटेनर खोळंबले ते उरणला. कोणताही तालुका आता जगापासून दूर राहिलेला नाही.

दोन्ही बाजूंची कर्तव्ये

सभासदाच्या बखरीत गडाच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तीन अधिकारी बरोबरीच्या दर्जाचे. कारभार तिघांनी मिळून करावयाचा, जेणेकरून एक फितूर झाला, तरी गड जाऊ नये. बँकिंगमध्ये आज ज्याला ‘मेकर-चेकर’ पद्धती म्हणतात, म्हणजे एकाने व्यवहार लिहावा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करावा, तिचे तत्त्व याहून वेगळे नाही. दुर्दैवाने अनेक कचेऱ्यांत साहेबांचा पासवर्ड कारकुनाला, कारकुनाचा शिपायाला ठाऊक असतो आणि तो टेबलाच्या काचेखाली चिकटविलेलाही असतो. तीन कुलुपांच्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगल्यावर तीन कुलुपांचा उपयोग काय?

उद्योगांनी प्रथम हे घरचे काम करावे. माहितीची दुसरी प्रत मुख्य जाळ्यापासून अलग ठेवावी. नोकरी सोडून गेलेल्याचे प्रवेशाधिकार त्याच दिवशी रद्द करावेत. सुट्टीच्या दिवशीही व्यवहारांवर नजर ठेवणारा माणूस असावा. पोलिसांशी बोलण्यासाठी एक जबाबदार अधिकारी आधीच नेमलेला असावा. पुराव्याचे प्रमाणपत्र कसे द्यायचे, हेही त्याला ठाऊक हवे. जालन्याच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निर्वाळा दिला की, मूळ यंत्रच न्यायालयात सादर होत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या अनुसूचीत कलम ६३ खालील या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला असून त्यात ‘हॅश’चीही नोंद करावयाची आहे. ते नसेल, तर खरा पुरावाही न्यायालयाच्या दारात अडखळतो.

पोलिसांचीही कर्तव्ये आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक अथवा त्यावरील दर्जाचा अधिकारी करतो. असा अधिकारी शिकून तयार व्हावा आणि लगोलग त्याची अन्यत्र बदली व्हावी, हे चक्र थांबले पाहिजे. तक्रारदाराला ‘तुम्ही शिकलेले असून फसलात कसे?’ असे विचारून लज्जित करणे थांबले पाहिजे. आणखी एक दुखणे व्यापाऱ्यांचे आहे. एखाद्या दुकानदाराने प्रामाणिकपणे माल विकला. ग्राहकाने दिलेले दोन हजार रुपये पुढे फसवणुकीचे निघाले, म्हणून त्याचे सबंध खाते गोठविले गेले, अशा तक्रारी देशभरातून आल्या. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणात गोठवणूक वादग्रस्त रकमेपुरतीच मर्यादित ठेवण्याचा आदेश दिला. चोराचा पाठलाग करताना सावाचे दुकान बंद पडू नये, एवढे तारतम्य राखले, तर व्यापारी पोलिसांकडे विश्वासाने येईल. तो विश्वासाने आला, तरच खबर वेळेवर मिळेल.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे, तसेच सावकारांचेही आहे. गड आणि बाजारपेठ ही एकाच राज्याची दोन अंगे आहेत, ही दृष्टी त्यामागे आहे. संरक्षण करणारा वेगळा आणि संपत्ती निर्माण करणारा वेगळा. एकाचे दुसऱ्याशी देणे-घेणे नाही, असे आपल्या परंपरेने कधी मानले नाही.

घरापर्यंत

शेवटचा मुद्दा प्रत्येक कुटुंबाचा आहे. कॉसमॉस प्रकरणात बनावट कार्डे घेऊन यंत्रासमोर उभी राहिलेली माणसे कोणी परग्रहावरून आली नव्हती. ती याच देशातल्या गावांतून, गल्ल्यांतून आली होती. आज ‘तुझे खाते थोडे दिवस वापरायला दे, कमिशन मिळेल’ असे सांगून महाविद्यालयीन मुलांकडून बँक खाती आणि सिमकार्डे भाड्याने घेतली जातात. मुलाला वाटते, आपण काही चोरले नाही. परंतु चोरीचा पैसा त्याच्या नावावरून वाहतो आणि अखेर पोलिसांची गाडी त्याच्याच दारात उभी राहते. परदेशी सूत्रधाराला आपल्या देशात हात-पाय पुरविणारी ही साखळी तुटली, तर त्याचा मेंदू कितीही तल्लख असला तरी लुळा पडेल. हे काम एकटे पोलीस करू शकत नाहीत आणि एकटी बँकही करू शकत नाही. ते वस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याचे, वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाचे आणि मुलाच्या हातात अचानक आलेल्या पैशाबद्दल विचारणाऱ्या आई-वडिलांचे काम आहे.

त्याचप्रमाणे, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गणवेशातला माणूस दाखवून ‘तुम्हाला अटक झाली आहे’ असे धमकावले जाते आणि निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी लुबाडली जाते. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’मध्ये याविषयी देशाला सावध केले. कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. शाखेतील, मंडळातील, सोसायटीतील प्रत्येकाने शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना ही एक गोष्ट सांगितली आणि ‘१९३०’ हा क्रमांक त्यांच्या दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला, तर एका संध्याकाळचे ते काम किती घरे वाचवील!

गड केवळ तटबंदीने राखला जात नाही. सूर्यास्ताला दरवाजा लावणारा, रात्री गस्त घालणारा, कोठाराचा हिशेब ठेवणारा आणि पायथ्याच्या वाडीतून ‘वाटेवर अनोळखी माणसे दिसली’ अशी वर्दी घेऊन धावत येणारा गुराखी, या सर्वांनी मिळून तो राखला जातो. संगणकाच्या गडालाही हाच नियम लागू आहे. पोलिसांनी गस्त घालावी, उद्योगांनी दरवाजे लावावेत आणि समाजाने वर्दी वेळेवर पोहोचवावी. येणारी दुसरा शनिवारची सुट्टी आपण जशी मोजतो, तशी शत्रूही मोजत असतो.